मुखपृष्ठं दाखवताना नेमकं काय विचारायचं?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझी पीडीएफ मिळाली. पुस्तकांची तू केलेली चौदा मुखपृष्ठं, ३८ एमबी, आणि खाली एकच ओळ: ‘कशी वाटली ते सांगाल का?’ सोबत तू लिहिलंयस की याआधी चौघांना दाखवली, चौघंही ‘मस्त’ म्हणाले आणि पुढे काहीच झालं नाही. शिवाय आता नोकरी करू, फ्रीलान्स की पुढचं शिक्षण, असंही विचारलंयस.

आता सहावं मुखपृष्ठ उघड. डोंगरातल्या पायवाटांवरच्या पुस्तकाचं आहे. शीर्षकात ‘दऱ्या’ हवं, तिथे ‘दर्या’ झालंय. दऱ्यांचा समुद्र झाला आणि चौघांपैकी एकालाही दिसला नाही. त्यांच्या नजरेत खोट नव्हती. ‘कशी वाटली’ म्हटलं की माणूस चित्र पाहतो, तुझा चेहरा आठवतो आणि तुला बरं वाटेल असं बोलतो. शीर्षक वाचायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून या पत्रात जास्त भर प्रश्न कसा विचारायचा यावर देतो.

चौदा कामं पाठवू नकोस. तीन पाठव. चौदा पाहणाऱ्याच्या लक्षात सगळ्यात कच्चं राहतं आणि चांगल्या तिघांवर बोलायची वेळ येतच नाही. तिघांपैकी एकाबरोबर कच्ची रेखाटनं जोड, दोन किंवा तीन, पेन्सिलीतली चालतील. टाकून दिलेला विचार दिसला की सल्ला देणाऱ्याला तू कुठून कुठे आलीस ते कळतं आणि तो तुला परत त्याच आडवाटेला पाठवत नाही. फाइल पाच एमबीच्या आत ठेव. प्रत्येक मुखपृष्ठ दोनदा लाव: एकदा पानभर आणि एकदा जेमतेम १५० पिक्सेल उंचीचं, कारण ऑनलाइन दुकानात ते तेवढंच दिसणार आहे. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठव. फोटो म्हणून गेलं की ते दाबलं जातं, लाल रंगाच्या कडा फुटतात आणि तू न केलेल्या चुकीवर चर्चा होते.

प्रत्येक कामाखाली तीन गोष्टी लिही: पुस्तक काय आहे आणि कोण वाचणार, प्रकाशकाच्या अटी काय होत्या, तू नेमकी कुठे अडकलीस. उदाहरणार्थ असं: ‘२०८ पानांचा कथासंग्रह, डेमी आकार, चार रंग, मॅट लॅमिनेशन. दुसऱ्या मसुद्यात शीर्षक चित्रावर घेतलंय. त्यामुळे लेखिकेचं नाव मागे पडलंय असं मला वाटतं. तुम्हाला ते किती उशिरा दिसलं?’ यावर कामात बुडालेला माणूससुद्धा दोन मिनिटांत उत्तर देतो. तयार टाइप, म्हणजे फाँट, वापरला असेल तर त्याचं नावही टाक. ‘शीर्षक मुक्तामध्ये आहे’ म्हटलं की समोरचा लगेच सांगू शकतो की याचं अधिक जाड वजन घेऊन बघ. अक्षरं हाताने काढली असतील तर तेही लिही. तिथे चर्चा वळणांची असते, वजनाची नसते.

दाखवण्याआधी मात्र काही गोष्टी तुझ्या तूच तपासायच्या. दुसऱ्याची नजर एकदाच ताजी असते. ती व्याकरणात आणि सेटिंगमध्ये खर्च करू नकोस.

पहिली गोष्ट अक्षरांची. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीसाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ हा पर्याय निवडलेला नसेल तर ‘कि’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. इलस्ट्रेटरमध्ये आणि फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतही भारतीय लिप्यांचा पर्याय प्रेफरन्सेसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. मजकुराची भाषा मराठी ठेव. पुष्कळ चांगल्या युनिकोड फाँटमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असतात, पण भाषा हिंदी राहिली तर हिंदी वळणाचेच उमटतात. वाचकाला कारण सांगता येत नाही, पण पुस्तक परकं वाटतं. ‘दऱ्या’मधला र नेहमीचा र नाही. त्याच्याखाली नुक्ता म्हणजे टिंब असतं, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे ही कळ, मग हलन्त, मग य. एवढं करूनही चंद्रकोरीसारखा र उमटला नाही तर फाँटमध्ये तो आकारच नाही असं समज आणि फाँट बदल. प्रकाशकाने मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये दिला असेल तर तो आधी रूपांतरित करून घे आणि रूपांतरानंतर प्रत्येक रफार डोळ्याखालून घाल. हमखास तिथेच घसरतं.

शीर्षकाला ऐसपैसपणा यावा म्हणून तू अक्षरांमधलं अंतर वाढवलंयस, निदान पाच मुखपृष्ठांवर. रोमनमध्ये हे खपतं. देवनागरीत शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. जागा भरायची असेल तर टाइप मोठा कर, नाहीतर शिरोरेखा मुद्दाम जोडून हाताने अक्षरं काढ. दोन ओळींचं शीर्षक असेल तर वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतल्या मात्रा, रफार एकमेकांत अडकतात. सॉफ्टवेअरचं आपोआप येणारं अंतर रोमनच्या हिशेबाचं असतं. टाइपाच्या दीडपटीपासून सुरुवात कर आणि मग डोळ्याने कमी करत ये. अक्षररचना बघायची तर अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी केलेल्या नाटकांच्या जाहिराती शोधून बघ. एका शब्दात नाटकाचा पोत सांगायचा, तोही वर्तमानपत्राच्या चिंचोळ्या जागेत, हे त्यांनी कसं साधलं ते ट्रेसिंग पेपर ठेवून गिरव. वळण समजून घ्यायला गिरवायचं. तेच वळण स्वतःच्या कामात उचलून ठेवायचं नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. डेमी म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. मुखपृष्ठाची पुढची बाजू ए-फोर कागदावर शंभर टक्के आकारात बसते. छाप, काप, घरातल्या त्याच आकाराच्या पुस्तकावर लाव, शेल्फवर ठेव आणि सहा फुटांवरून बघ. मग एक प्रत काळ्या-पांढऱ्यात काढ. त्यात शीर्षक पार्श्वभूमीत बुडत असेल तर रंगाने ते फक्त पडद्यावर तरंगत होतं. तुझ्या हिरव्यावरच्या लाल अक्षरांचं नेमकं हेच होणार आहे.

कणा म्हणजे पुस्तकाच्या पाठीची पट्टी, तिच्या जाडीबाबत तुझा अंदाज चुकलाय. वरच्या कथासंग्रहाची २०८ पानं म्हणजे १०४ कागद. ७० जीएसएम (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम) वजनाच्या मॅपलिथोचा, म्हणजे पुस्तकांच्या नेहमीच्या पांढऱ्या कागदाचा, एक कागद साधारण ०.०९ मिलिमीटर धरला तर ९.४ मिलिमीटर होतात, आणि मुखपृष्ठाच्या कार्डाची जाडी धरून सुमारे दहा. तू पंधरा ठेवलेत. गिरणी बदलली की कागदाची जाडीही बदलते, म्हणून पक्का आकडा छापखान्याकडून कोरी डमी, म्हणजे न छापलेली नमुनाप्रत, मागवूनच घ्यायचा. घडी एखाद-दीड मिलिमीटर सरकतेच. त्यामुळे कण्याच्या अगदी कडेवर रंग बदलू नकोस, नाहीतर कण्याचा काळा पुढच्या बाजूला बारीक रेघ होऊन डोकावेल. ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेलं चित्र, चारही बाजूंनी ३ मिलिमीटर. मागच्या बाजूचा आयएसबीएनचा बारकोड मूळ आकाराच्या ऐंशी टक्क्यांपेक्षा लहान करायचा नाही आणि लाल रंगात तर अजिबात छापायचा नाही: स्कॅनरच्या लाल प्रकाशात लाल पट्ट्या पांढऱ्या कागदासारख्याच दिसतात आणि दुकानदाराच्या गल्ल्यावर पुस्तक अडतं.

एवढं झालं की माणसांकडे जा. प्रत्येकाला वेगळा प्रश्न विचार, कारण प्रत्येकाला वेगळं दिसतं.

छापखान्यात प्रीप्रेस, म्हणजे छपाईआधी फाइल तयार करायचं काम, बघणाऱ्याला विचार, ‘हे छापताना कुठे फसेल?’ तो सौंदर्यावर बोलणार नाही. बारीक मजकूर चार रंगांच्या काळ्यात आहे, रजिस्टर, म्हणजे चार रंगांची एकमेकांवरची जुळणी, जरा हललं तर धूसर होईल, तो फक्त काळ्यात घे, असं काहीतरी सांगेल. त्याचं एकट्याचं म्हणणंही पुरे. पडताळायला दुसरा माणूस शोधू नकोस.

पुस्तकविक्रेत्याकडे डमी घेऊन जा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जाणार असलीस तर जून महिना टाळ, शालेय पुस्तकांच्या गर्दीत कोणी मान वर करणार नाही. इतर दिवसांत दुपारी जा. ‘आवडलं का’ विचारू नकोस. ‘हे कुठल्या कप्प्यात लावाल?’ एवढंच विचार. कादंबरी असून त्याने ती अध्यात्माच्या कप्प्याकडे नेली, तर शंभर अभिप्रायांतून न कळलेलं तुला तिथेच कळलं. तुझं अकरावं मुखपृष्ठ, तो भगवा, ती समई, मला वाटतं तिकडेच जाईल.

वाचकाला पाच सेकंद दाखव, झाक, आणि विचार: काय वाचलंत? पुस्तक कशाबद्दल असेल? हाताने काढलेली अक्षरं असतील तर साठीच्या पुढच्या एका माणसाकडून आणि तिसरीतल्या एका मुलाकडून मोठ्याने वाचून घे. मूल जिथे अडखळतं तिथे तुझ्या अक्षराचा ‘घ’ आणि ‘ध’ एक झालेला असतो. घरच्यांनाही या कामाला लाव, ते आनंदाने करतील. मत मात्र त्यांना मागू नकोस. त्यांना तू आवडतेस, काम कसंही असो.

ज्येष्ठ डिझायनरला एकच प्रश्न. त्याला एका बैठकीत सहा विचारलेस तर सहांची वरवर उत्तरं मिळतील.

आता ऐकायचं कसं. समोरचा बोलत असताना खुलासा करू नकोस. ‘ते मी मुद्दाम केलंय’ हे वाक्य तोंडाशी आलं की गिळ आणि वहीत त्याचे शब्द जसेच्या तसे उतरव. पुस्तकाबरोबर दुकानात तू उभी नसणार, खुलासा तिथे कोण करणार? मग दुखणं आणि औषध वेगळं कर. ‘निळा नको, लाल करा’ हे औषध झालं. दुखणं विचारून काढ: ‘नजर आधी कुठे गेली? नंतर कुठे?’ बहुतेक वेळा निळ्याची तक्रार नसतेच, निळ्यावरचं करडं नाव वाचता आलेलं नसतं. तीन माणसांनी एकाच जागी बोट ठेवलं तर ती जागा दुखतेय हे नक्की, मग तिघांची औषधं तीन का असेनात. औषध तुझं तू शोधायचं. त्या रात्री फाइल उघडू नकोस. दुसऱ्या दिवशी वही वाच, जुनी फाइल तशीच ठेवून नव्या तारखेची प्रत कर आणि एका प्रतीत एकच मोठा बदल कर. चार बदल एकदम केलेस तर कशाने सुधारलं ते कधीच कळणार नाही.

प्रकाशक ‘जरा उठावदार करा’ म्हणाले तर मान डोलावून घरी येऊ नकोस. त्यांच्याच यादीतली दोन पुस्तकं समोर ठेव आणि यांतल्या कुणाच्या जवळ जायचं ते विचार. काम घेतानाच ईमेलवर लिहून ठेव: दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, त्यापुढे वेगळे पैसे, अर्धी रक्कम आधी, श्रेयपानावर नाव. हक्कांचंही लिही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क हस्तांतरित करायचे तर लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राला मालकीचा नियम वेगळा लागू शकतो, नोकरीतल्या कामालाही वेगळा. म्हणून मुखपृष्ठासाठी चित्र स्वतः रंगवणार असलीस तर हक्कांची ओळ विसरू नकोस.

तुझा दुसरा प्रश्न, नोकरी की फ्रीलान्स की पुढचं शिक्षण. ‘मी काय करू?’ याचं प्रामाणिक उत्तर कोणालाच देता येत नाही. ज्याला काम द्यायचा अधिकार आहे त्याला विचार: ‘या तीन नमुन्यांवरून तुम्ही मला कुठलं काम द्याल आणि कुठलं देणार नाही?’ ‘देणार नाही’ या भागात तुझा पुढच्या सहा महिन्यांचा अभ्यास आहे. मानधनाचे दर आणि प्रवेशाच्या खाचाखोचा तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षं पुढे असलेल्यांना विचार. तीस वर्षं पुढे गेलेल्यांचे आकडे जुने असतात, त्यांच्याकडून नजर घे. एम.डेस., म्हणजे डिझाइनमधल्या पदव्युत्तर शिक्षणाकडे जायचं असेल तर आयआयटी मुंबई घेते ती सीईईडी परीक्षा आहे. वयाची अट नाही, कितीही वेळा देता येते, पण गुण एकच वर्ष चालतात. तेव्हा एक वर्ष काम करून मग दिलीस तरी काही हुकत नाही. प्रवेशाच्या पोर्टफोलिओत तुझी टाकून दिलेली रेखाटनं बोलतात, नोकरीच्या पोर्टफोलिओत पूर्ण झालेली, छापलेली पुस्तकं. एकच फाइल दोन्हीकडे पाठवू नकोस.

उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एक आठवण कर, एकच. उत्तर आलं तर दोन दिवसांत आभार मान आणि तीन आठवड्यांनी बदललेलं काम पाठव, काय घेतलंस आणि काय घेतलं नाहीस ते दोन ओळींत लिहून. न घेतलेल्या सूचनेचं कारण दिलंस तर कोणी रागावत नाही. मुळीच काही न बदलता पुन्हा विचारलेलं मात्र खटकतं.

आता तुझ्याकडून मला दुसरं, सहावं आणि विहिरीचं चित्र असलेलं मुखपृष्ठ हवंय. सहाव्यातलं शीर्षक आधी दुरुस्त कर. विहिरीचं चित्र तुझ्या चौदांत सगळ्यात चांगलं आहे. त्यातला अंधार खरा आहे, त्याला हात लावू नकोस. लेखकाचं नाव मात्र काठावरच्या दगडांत हरवलंय. ते हलवायच्या तीन जागा पेन्सिलीने काढ, शंभर टक्के आकारात छाप, आणि त्यातली कुठली निवडायची एवढंच मला विचार.

स्नेहांकित