जहाज निवडताना आणि बंदरात उतरताना

या वेळी समुद्रसफरींविषयीची पत्रे नेहमीपेक्षा अधिक आली. त्यांतील पाच पत्रे निवडून उत्तरे देत आहे. पहिल्या आणि शेवटच्या पत्राला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटले.

प्रश्न : आम्ही दोघेही सेवानिवृत्त आहोत आणि प्रथमच क्रूझने प्रवास करणार आहोत. एजंटाने मुंबईहून निघणारे कॉर्डेलिया, सिंगापूरहून निघणारे गेंटिंग ड्रीम आणि भूमध्य समुद्रातील एमएससी किंवा कोस्टा असे पर्याय सुचवले आहेत. माहितीपत्रके मात्र सगळी एकसारखीच दिसतात. निवड कशी करावी? (गंगापूर रोड)

उत्तर : माहितीपत्रके सारखी दिसतात, कारण तरणतलाव, नाट्यगृह आणि बुफे सगळ्याच मोठ्या जहाजांवर असतात. खरा फरक त्या छायाचित्रांत दिसत नाही. आपल्याबरोबर प्रवास कोण करणार आहे, जेवणाची वेळ कोणाच्या सवयीने ठरते, ध्वनिक्षेपकावरून कोणत्या भाषेत सूचना दिल्या जातात आणि संध्याकाळी लोक कोणते कपडे घालून बसतात, यांत तो असतो. क्रूझची कंपनी निवडणे म्हणजे काही दिवसांचा शेजार निवडणे, असे मी मानतो, आणि घर घेताना आपण शेजाराची जितकी चौकशी करतो तितकी येथेही करावी.

कॉर्डेलियाचे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० मध्ये बांधलेले आहे. ते पूर्वी रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात होते आणि सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करू लागले. जवळजवळ सगळे प्रवासी भारतीय असतात, त्यामुळे जेवण, गाणी आणि गप्पा ओळखीच्या असतात. समुद्र सोसतो की नाही, छोट्या केबिनमध्ये करमते की नाही, हे कमी खर्चात पाहण्यासाठी ही सफर चांगली आहे. परदेश पाहण्याची हौस मात्र तिच्यातून भागणार नाही.

गेंटिंग ड्रीम हे २०१६ मध्ये जर्मनीतील पापेनबुर्ग येथे बांधलेले जहाज आहे. त्याची मूळ मालक असलेली हाँगकाँगची कंपनी २०२२ मध्ये बुडाली आणि त्याच वर्षी रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस या नव्या कंपनीच्या नावाने ते सिंगापूरहून निघू लागले. सफरी दोन-तीन रात्रींच्या असतात, प्रवाशांत सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया आणि भारत येथील कुटुंबे अधिक असतात, आणि भारतीय शाकाहारी जेवणाची सोय असते. आजी-आजोबा, आई-वडील आणि नातवंडे अशा तीन पिढ्या एका टेबलावर जेवताना दिसतात. आपल्यासारख्या माणसांना तेथे परके वाटत नाही.

एमएससीचे मुख्यालय जिनिव्हात असले तरी तिचा स्वभाव इटालियन आहे, आणि जेनोव्हाची कोस्टा तर उघडच इटालियन आहे. या जहाजांवर एकच सूचना चार-पाच भाषांत होते, रात्रीचे जेवण उशिरा आणि निवांत चालते, लहान मुले मध्यरात्रीपर्यंत जागी असतात, आणि जेवणाच्या टेबलावर येणाऱ्या बाटलीबंद पाण्याचे बहुधा वेगळे पैसे द्यावे लागतात. साडेसातला जेवून दहाला झोपणाऱ्या जोडप्याला पहिले दोन दिवस हे जड जाते. शिवाय या कंपन्या बार्सिलोना, मार्सेय, जेनोव्हा अशा प्रत्येक बंदरात नवे प्रवासी घेतात, त्यामुळे सगळ्यांचा पहिला दिवस एकच नसतो आणि रोज कोणीतरी नवखे जहाजावर वाट शोधत असते. ज्यांना सर्व काही वेळच्या वेळी आणि शांतपणे हवे असते, त्यांनी ब्रिटिश वळणाच्या क्युनार्डकडे पाहावे. १८४० पासून चालत आलेल्या या कंपनीच्या जहाजांवर संध्याकाळच्या पोशाखाचे नियम आजही पाळले जातात. याउलट नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ठरावीक जेवणवेळ आणि ठरावीक टेबल ही पद्धतच सोडून दिली आहे.

गर्दीचा अंदाज घेण्याचा एक सोपा हिशेब आहे. प्रत्येक जहाजाचे ‘ग्रॉस टनेज’ जाहीर असते. ते वजन नसून जहाजाच्या आतील बंदिस्त जागेचे माप आहे. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागावे. उत्तर जितके मोठे, तितकी माणशी जागा अधिक. क्युनार्डच्या क्वीन मेरी २ चे टनेज सुमारे १ लाख ४९ हजार आणि प्रवासी सुमारे २,७००. गेंटिंग ड्रीमचे टनेज सुमारे १ लाख ५० हजार आणि प्रवासी सुमारे ३,३५०. आकाराने जवळजवळ सारख्या असलेल्या या जहाजांचे भागाकार अनुक्रमे ५५ आणि ४५ येतात. लिफ्टसमोर आणि न्याहारीच्या रांगेत हा फरक रोज जाणवतो.

नकाशावर बंदराचे नाव नीट वाचावे. कार्यक्रमात ‘रोम’ लिहिलेले असते, पण जहाज चिव्हिताव्हेक्किया येथे लागते आणि तेथून रोम सुमारे ७० किलोमीटर आहे, म्हणजे नाशिकहून इगतपुरीपेक्षाही दूर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो. ‘बँकॉक’ म्हणजे बहुधा लाएम चाबांग, आणि तेथून शहर शंभर किलोमीटरहून दूर आहे. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते. स्वतः टॅक्सी करून गेलेल्यांसाठी थांबत नाही. युरोपच्या सफरीत तुर्कस्तान किंवा ट्युनिशियाचे बंदर असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातील बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) एकाहून अधिक प्रवेशांचा मागावा, कारण मधेच शेंगेन क्षेत्राबाहेर जाऊन पुन्हा आत यावे लागते.

आणखी एका गोष्टीबद्दल मी आग्रहाने सांगतो. जहाज सुटण्यापूर्वी सुरक्षेचा सराव होतो. त्या वेळी अनेक भारतीय गट केबिनमध्ये सामान लावत बसतात किंवा डेकवर छायाचित्रे काढत असतात, हे मी स्वतः पाहिले आहे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा काँकॉर्डिया खडकावर आदळले आणि ३२ जणांचा जीव गेला. त्या संध्याकाळी चिव्हिताव्हेक्कियाला चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तोवर झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम कडक झाले आणि सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक झाले. संकटाच्या वेळी आपले जमण्याचे ठिकाण स्वतः चालत जाऊन पाहून यावे, आणि लिफ्ट न वापरता पाहावे.

माझे मत विचाराल तर पहिली सफर सिंगापूरहून तीन रात्रींची करावी. भूमध्य समुद्र दुसऱ्या वर्षी पाहावा, आणि तोही एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, कारण जुलै-ऑगस्टमधील ऊन आणि गर्दी आपल्या वयाला सोसणार नाही.

प्रश्न : मुलगी सिअॅटलला असते. तेथून अलास्काची सात रात्रींची क्रूझ अमेरिकेतच निघते आणि अमेरिकेतच संपते. तरी एजंट कॅनडाचा व्हिसा मागतो. हे खरे आहे का? (इंदिरानगर)

उत्तर : खरे आहे. अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला वाटेत परदेशी बंदराला न लागता अमेरिकेच्या बंदरांदरम्यान प्रवासी नेता येत नाहीत, आणि बहुतेक क्रूझ जहाजे बहामा, पनामा किंवा माल्टा अशा देशांत नोंदलेली असतात. म्हणून ही जहाजे परतताना काही तासांसाठी कॅनडातील व्हिक्टोरियाला थांबतात. आपण खाली उतरणार नसलात तरी व्हिसा हवा. नसेल तर सिअॅटललाच जहाजावर चढू देणार नाहीत.

कंपनी निवडताना जहाज ग्लेशियर बे या अलास्कातील राष्ट्रीय उद्यानात जाते का, ते विचारावे. तेथे दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना प्रवेश असतो. हॉलंड अमेरिका आणि प्रिन्सेस यांच्या अनेक सफरी तेथे जातात. त्या दिवशी उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन माहिती देतात. हा त्लिंगिट या तेथील मूळ रहिवाशांचा पूर्वापार प्रदेश आहे. हिमकडा कोसळण्याची वाट पाहत शेकडो माणसे डेकवर तासभर न बोलता उभी राहतात. त्या वेळी मोबाइलवरून नाशिकला व्हिडिओ कॉल लावू नये.

प्रश्न : आमच्याकडे कांदा-लसूणही चालत नाही. सोबत छोटी शेगडी आणि खिचडीचे सामान न्यावे का? (नाशिकरोड)

उत्तर : शेगडी, इलेक्ट्रिक किटली किंवा इस्त्री नेऊ नये. जहाजावर आगीची भीती सर्वांत मोठी असते, त्यामुळे या वस्तू तपासणीत काढून घेतल्या जातात. घरचे ताजे पदार्थही बहुधा आत नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातले खाकरे आणि चिवडा चालतो. जैन जेवणाची मागणी आरक्षणाच्या वेळीच लेखी नोंदवावी आणि जहाजावर पहिल्याच संध्याकाळी डायनिंग हॉलच्या प्रमुखाला भेटून पुन्हा सांगावी.

बंदरात उतरल्यावर ‘व्हेजिटेरियन’ या एका शब्दावर विसंबू नये. इटलीत भाजीच्या सूपमध्ये मांसाचा अर्क असू शकतो, आणि प्रसिद्ध पार्मेजान चीज वासराच्या जठरातील विरजणापासून करतात. आपल्याला फसवण्याचा त्यात काहीही हेतू नसतो. त्यांच्या दृष्टीने ताटात मांसाचा तुकडा नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी. थायलंडमध्ये मात्र आपल्याला उपयोगी पडणारा शब्द आहे. तेथे ‘जे’ म्हटल्यावर मांस, मासे आणि अंडी यांच्याबरोबर कांदा-लसूणही वगळतात. लाल अक्षरांच्या पिवळ्या पताका लावलेली अशी दुकाने फुकेतमध्ये सहज सापडतात. कंदमुळे मात्र त्यांना चालतात, म्हणून बटाट्याविषयी वेगळे सांगावे.

प्रश्न : तिकिटाचे पैसे भरल्यावरही रोजची टिप सक्तीने घेतात. ती रद्द करावी का? (सिडको)

उत्तर : अमेरिकी कंपन्यांत दर माणशी दर दिवशी साधारण पंधरा ते वीस डॉलर आपल्या खात्यात लागतात, ते तिकिटाच्या किमतीतच धरून तुलना करावी. रद्द करू नये. ही आपल्याकडची खुशीची बक्षिसी नसून केबिन आवरणाऱ्या आणि जेवण वाढणाऱ्या फिलिपिनो, इंडोनेशियन, गोव्याच्या आणि आपल्या कोकणातल्याही मुलांच्या कमाईचा तो भाग असतो. जपानच्या बंदरात उतरल्यावर मात्र टिप देऊ नये. तेथे ती पद्धत नाही आणि घेणाऱ्यालाच संकोच होतो.

प्रश्न : आम्ही नाशिकचे बावीस जण भूमध्य समुद्राच्या सफरीला गेलो होतो. तिसऱ्या रात्री शेजारच्या टेबलावरील एक जर्मन गृहस्थ उठून आले आणि माझ्या वडिलांना “कृपया आवाज कमी करा” म्हणाले. सकाळी एका बाईंनी आमच्या खुर्च्यांवरचे टॉवेल उचलायला लावले. बाबांना हा अपमान फार लागला आहे. ते पुन्हा कधीच येणार नाही म्हणतात. ही वंशभेदाची वागणूक नाही का? (कॉलेज रोड)

उत्तर : आपल्या वडिलांना वाईट वाटले, हे मी समजू शकतो. परदेशात भारतीयांना वाईट वागणूक मिळतच नाही, असे मी म्हणणार नाही. ती मिळते, आणि मिळाली तर जहाजाच्या कार्यालयात लेखी तक्रार करावी. परंतु आपण लिहिलेल्या प्रसंगांत मला ती दिसत नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत “हळू बोला” म्हणणे हा अपमानच असतो. आपण ते दुसऱ्या कोणाकरवी सुचवतो किंवा सोसतो. जर्मन माणसाला मात्र तोंडावर सांगणे हा प्रामाणिकपणा वाटतो आणि पाठीमागे वेटरकडे कुरकुर करणे कमीपणाचे वाटते. तो गृहस्थ “कृपया” म्हणाला, आणि सांगून झाल्यावर बहुधा विषय विसरलाही असेल. दुसऱ्या दिवशी वडिलांनी त्याला “गुड मॉर्निंग” म्हटले असते तर त्यानेही तितक्याच मोकळेपणाने उत्तर दिले असते, असा माझा अनुभव आहे. टॉवेल टाकून खुर्च्या अडवण्यावरून तर युरोपीय प्रवाशांचे आपसातही वाद होतात, आणि रिकाम्या खुर्च्यांवरचे टॉवेल कर्मचाऱ्यांनी उचलावेत असा बहुतेक कंपन्यांचा नियमच आहे.

शांततेविषयीची समजूतही प्रत्येक देशाची वेगळी आहे. त्याच भोजनगृहातील इटालियन टेबल बहुधा आपल्याइतकेच मोठ्याने बोलत असेल. मुले किती, नोकरी कोणती, पगार किती, हे आपण आपुलकीने विचारतो. इंग्रज माणसाला ती चौकशी खुपते आणि तो हवामानाकडे वळतो. लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला अभिवादन न करणे आपल्याला साहजिक वाटते, तर अमेरिकी माणसाला तुटकपणाचे. अनोळखी मुलांचे गाल ओढणे किंवा त्यांची छायाचित्रे काढणे, हे मात्र आपण कटाक्षाने टाळले पाहिजे.

क्रोएशियातील डुब्रोव्हनिकच्या तटबंदीतील जुन्या गावात मी एकदा जहाजावरच्या गटाबरोबर सकाळी उतरलो होतो. अरुंद गल्लीत आमची चाळीस माणसे मार्गदर्शकाचे ऐकत उभी होती, आणि भाजीची पिशवी घेतलेल्या एक वृद्ध बाई स्वतःच्या घराच्या पायरीपर्यंत पोहोचण्यासाठी आमच्या मागे थांबून राहिल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत आणि आमच्यापैकी कोणी सरकलेही नाही. मला २०१५ च्या सिंहस्थातील पर्वणीचे दिवस आठवले, जेव्हा पंचवटीतल्या रहिवाशांना स्वतःच्या घरी पोहोचायलाही वळसे घ्यावे लागत होते. भाविकांविषयी आपल्या मनात आदर होता, तरी घाटावर कचरा टाकणारा आणि दारात गाडी लावणारा पाहुणा आपल्याला खुपतच होता. डुब्रोव्हनिकने पुढे एका दिवशी दोनच जहाजांना येऊ देण्याचे ठरवले, आणि व्हेनिसने ऑगस्ट २०२१ पासून मोठी जहाजे शहरातील जुदेक्का कालव्यातून जाऊ देणे बंद केले. यात्रेकरूंचे शहर चालवणे म्हणजे काय, हे नाशिककरांना वेगळे सांगावे लागत नाही, म्हणून या निर्णयांचा राग येण्याऐवजी आपल्याला ते लवकर समजावेत.

आपल्या वडिलांना हे पत्र वाचून दाखवावे. पुढच्या वेळी बावीस जणांसाठी डायनिंग हॉलच्या कडेची तीन टेबले आरक्षणाच्या वेळीच मागून घ्यावीत, म्हणजे गप्पाही होतील आणि शेजाऱ्यांना त्रास होणार नाही. पहिल्या संध्याकाळी बाजूच्या टेबलावर जाऊन वडिलांनीच आपले नाव आणि गाव सांगावे. नाशिक कोणालाही माहीत नसेल, पण द्राक्षांचे गाव म्हटल्यावर इटालियन आणि फ्रेंच माणूस खुर्ची पुढे ओढून बसतो.