जुनं बियाणं लावायचं का फेकायचं?

तुम्ही विचारलंय की घर आवरताना 2021-22 ची बियांची पाकिटं सापडली, कांदा, टोमॅटो, भेंडी, कारलं, पालक, सांभार (म्हणजे कोथिंबीर), आता मृग तोंडावर आलाय तर लावू का सरळ फेकू. फेकू नका राजेहो, पण थेट वाफ्यातही टाकू नका, आधी तपासा.

पाकिटावर जी तारीख असते ना ती बी मरायची तारीख नसते. टेस्ट केल्यापासून साधारण 9 महिने कंपनी उगवणीची हमी घेते, एवढाच तिचा अर्थ. त्यानंतर बी किती टिकलं हे ते कुठं ठेवलं होतं त्यावर जातं, आणि आपल्या नागपुरात हाच खरा लोचा आहे. हॅरिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाचा एक ढोबळ हिशेब आहे, बियातला ओलावा 1 टक्का कमी केला तर आयुष्य जवळपास दुप्पट, आणि तापमान 5 अंश कमी केलं तर परत दुप्पट. आता हेच उलटं लावून बघा, मे महिन्यात बाहेर 45, स्लॅबखालच्या सज्ज्यावर पाकीट शेकतंय, आणि लगेच जुलै-ऑगस्टची दमट हवा. त्यात ज्या खोलीत दिवसभर कूलर चालतो तिथं लोक बी ठेवतात "थंड आहे" म्हणून, पण कूलर थंडाव्यासोबत ओलावापण देतो, तिथं उघडं पाकीट ठेवणं सज्ज्याइतकंच वाईट. त्यामुळे तुमची पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातल्या आतल्या कपाटात होती का, ते आधी आठवा. कोणी ना कोणी तुम्हाला 2000 वर्षं जुन्या खजुराची गोष्ट सांगेलच, इस्रायलमधल्या मसाडाला सापडलेलं बी 2005 मध्ये उगवलं होतं, खरं आहे ते, पण ते वाळवंटातल्या कोरड्या हवेत पडून होतं, आपल्या सज्ज्यावर नाही.

आता तुमच्या यादीचं. कांदा विसरा, त्याचं बी वर्षभरातच ढेपाळतं, दुसऱ्या वर्षी जे काही आलं ते नशीब, इतक्या वर्षांनी तर काहीच नाही. टोमॅटो सगळ्यात भरवशाचा, नीट ठेवलं तर 4-5 वर्षं जातं, वांगं, काकडी, लवकी (दुधी) पण त्याच रांगेतले. भेंडी आणि मिरची त्यामानाने लवकर दगा देतात, 2-3 वर्षं धरा.

तपासायची पद्धत शेतकऱ्यांचीच आहे, घरचं सोयाबीन पेरायच्या आधी ते ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवतात आणि 70 उगवले तर नेहमीच्या हिशेबाने पेरतात. आपल्याला कुंड्यांसाठी 10 बिया पुरेत. ओल्या सुती फडक्यात गुंडाळायच्या, डब्यात सावलीत ठेवायच्या, फडकं ओलं राहिलं पाहिजे पण पाणी साचायला नको. भेंडी, टोमॅटो आठवड्याभरात कळतात, कारल्याला 10-14 दिवस द्या, लोक पाचव्या दिवशीच कंटाळून फेकतात. 7-8 उगवल्या तर बिनधास्त लावा. 4-5 आल्या तर दुप्पट बी टाका. एखाद-दुसरीच आली तर मी तरी वाफा अडवून ठेवणार नाही, हां पण घरचं जुनं वाण असेल, गावाकडचं वांगं किंवा आजीची भिवापुरी मिरची, तर ती एक बीसुद्धा कुंडीत लावून नवीन बी धरा, कारण ते दुकानात परत मिळेलच असं नाही. उगवलेल्यांत पण जी फार उशिरा आली, मरतुकडी दिसते, ती पुढे रोगाला लवकर बळी पडते, म्हणून जुनं बी आधी ट्रेमध्ये वाढवून मग बाहेर काढलेलं बरं.

पालक आणि सांभाराचा निकाल आत्ता लावू नका. या गर्मीत नवीन बीपण नीट उगवत नाही, तर जुन्याला उगाच दोष जाईल. ऑक्टोबरनंतर तपासा, सांभार हलकं रगडून दोन फाकळ्या करून. तोपर्यंत काचेच्या बरणीत, तळाला भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवून, घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. आणि बाहेर काढल्यावर बरणी लगेच उघडायची नाही, खोलीइतकी गरम होऊ द्यायची, नाहीतर आत पाणी सुटून सगळं वाया.

एक राहिलंच, जी बी गुलाबी किंवा निळी दिसते तिला बुरशीनाशक चोपडलेलं असतं. ती उगवली नाही म्हणून गच्चीवर चिमण्यांना टाकू नका, आणि पाकिटातलं सांभार मसाल्यात तर अजिबात जाऊ देऊ नका.