भंगारातला पट्टा माडावर चालेल का?

प्रश्न: ताई, आमच्याकडे बाणावली जातीचे जुने, उंच माड आहेत आणि नारळ काढणारा पाडेली वेळेवर मिळत नाही. भंगारवाल्याकडून जुन्या गाडीचे सीटबेल्ट आणलेत, घरबांधणीतली सळी उरली आहे, बंदरावर ट्रॉलरचा टाकून दिलेला दोर मिळतो. यातून माडावर चढायला कमरपट्टा आणि पायाच्या दोन चौकटी करायचा विचार आहे. मुलगा वेल्डिंग करतो. जमेल का?
— एक बागायतदार, देवगड तालुका

उत्तर: दादा, पट्ट्यापासून सुरुवात करते, कारण ताडपत्र्या आणि टेम्पोचे हूड शिवण्यात माझं आयुष्य गेलं आहे. सीटबेल्टचा पट्टा पॉलिएस्टरचा असतो, नवा असताना फार दणकट. पण भंगारातली गाडी तिथे का आली, हे तुम्हाला कोण सांगणार? अपघातात एकदा ताणला गेलेला पट्टा पुन्हा वापरायचा नसतो, आणि ताण बसलेला पट्टा बघून नेहमी ओळखता येत नाही. शिवाय भंगाराच्या ढिगात बॅटऱ्या असतात. बॅटरीच्या ॲसिडने धागे कमजोर होऊ शकतात, आणि ते रंगावरून कळेलच असं नाही. हाताने ओढून बघितलं तर काही कळत नाही, कारण हाताची ओढ आणि पडणाऱ्या माणसाचा झटका यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हिशेब करून दाखवते. माणूस ८० किलोचा धरा. दोरात ढील होती, पाय सुटला, माणूस एक मीटर खाली गेला आणि दोराने पुढच्या दहा सेंटिमीटरमध्ये त्याला थांबवलं. त्या थांबण्यात सरासरी वजनाच्या अकरा पट, म्हणजे ८८० किलोच्या आसपास ओढ बसते. कारखान्यात उंचीवर काम करणाऱ्यांच्या दोराला जो झटका शोषणारा घडीचा तुकडा असतो, तो ही ओढ ६०० किलोच्या आसपास रोखण्यासाठीच असतो. आणि नुसत्या कमरपट्ट्यावर हा झटका आला तर तो बरगड्या आणि मणक्यावर येतो, माणूस उलटा होऊन पट्ट्यातून निसटूही शकतो. मांड्या, खांदे आणि छाती धरणारा पूर्ण हार्नेसच हवा.

आता शिवण. पट्टा धड निघाला तरी टाका साथ देईलच असं नाही. घरच्या मशीनवरचा सुती दोरा कोकणातल्या एका पावसाळ्यात कुजायला लागतो. चांगल्या हार्नेसवर भाराचा टाका मुद्दाम पट्ट्यापेक्षा वेगळ्या रंगाचा असतो, म्हणजे एक धागा उसवला तरी लगेच डोळ्यांत भरतो. माझ्याकडे जाड सुईचं मशीन आहे, दोराही चांगला आहे, तरी जीव टांगायचा हार्नेस मी कोणालाच शिवून देत नाही. तो ताण देऊन तपासायची सोय माझ्या दुकानात नाही, आणि तुमच्या पडवीतही नसणार. भारतीय मानक आयएस ३५२१ चा शिक्का असलेला हार्नेस बाजारात मिळतो. तो नवा घ्या, आणि त्यावरची तारीख वाचून घ्या.

सळीचं तसंच. टीएमटी सळीची ताकद बरीचशी तिच्या बाहेरच्या कडक थरात असते, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळ तोच थर नरम पडतो. पायाखालची चौकट दर पावलाला एकदा भार घेते, एकदा सोडते. अशा येरझारीत जोडाला बारीक चीर पडते आणि रंगाखाली ती दिसत नाही. मुलाच्या हाताला मी नावं ठेवत नाही, पण घरच्या जोडाची परीक्षा माणूस वर असताना होऊ नये.

ट्रॉलरचा दोर बहुधा पॉलिप्रॉपिलिनचा असतो. उन्हात तो ठिसूळ होतो, मिठाचे आणि वाळूचे कण आत शिरून धागे कापत राहतात. पीळ उलगडून पाहा. आतून पांढरी भुकटी सांडली तर तो दोर नारळाचे घड उतरवण्यापुरताच ठेवा.

चढण्याचं साधन मात्र तयार मिळतं आणि ते शोधणारा माणूस शेतकरीच होता. केरळात कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरीच्या जोसेफ यांच्या साधनात दोन चौकटी असतात. प्रत्येकीचा तारेचा फास खोडाभोवती बसतो, एका पायावर भार द्यायचा आणि दुसरी चौकट वर सरकवायची. नारळ विकास मंडळाने २०११ पासून माडावर चढण्याचं प्रशिक्षण सुरू केलं, ते अशाच साधनांवर. चढणाऱ्यांसाठी त्यांची विमा योजनाही आहे. रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात विचारा. खोड वर निमुळतं होत जातं, म्हणून फास वाटेतच घट्ट करायचा असतो. हे कोणाच्या देखरेखीखाली कमी उंचीवर शिका. तारेचा फास पकडून ठेवणारा क्लॅम्प कधी बदलावा लागला तर त्याचं खोगीर, म्हणजे तार बसायची खाचेची बैठक, भाराच्या तारेवर आणि वाकडा बोल्ट मोकळ्या टोकावर येऊ द्या, आणि असे तीन लावा. उलटा लावलेला क्लॅम्प भाराची तारच चेचतो.

मग भंगाराचं काय करायचं? भरपूर करता येतं. टायरचा पट्टा कापून चौकटीच्या खोडाकडच्या बाजूला लावा, साल सोलवटत नाही. सीटबेल्टची कोयत्याची पट्टी करा, ताडपत्रीची पाठीवरची पिशवी शिवा. यांतलं काही तुटलं तर पिशवी नाहीतर कोयता पडेल, म्हणून खाली कोणी उभं राहू नये.

आणि एकट्याने चढू नका. हार्नेसमध्ये माणूस हालचाल न करता लटकला तर रक्त पायांत साचतं आणि तो काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. त्याला खाली कसं आणायचं हे जमिनीवरच्या माणसाला आधीच माहीत असायला हवं.

प्रश्न: आमच्या गिर्यारोहण मंडळाने जुने दोर बाद केले आहेत. आंब्याच्या फांद्या छाटताना वापरू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: फांदी उतरवायला वापरा, स्वतःला बांधायला नाही. वापरला नाही तरी नायलॉनचा दोर दहा वर्षांत बाद धरायचा असतो. गिर्यारोहणाचा दोर मुद्दाम ताणणारा केलेला असतो, त्यामुळे जड फांदी त्यावर उसळी मारते. तेव्हा खालची जागा नेहमीपेक्षा मोठी मोकळी ठेवा. अग्निशमनाचा बाद पाइप मिळाला तर हातभर तुकडा कापून फांदीवर घाला आणि त्याच्यातून दोर ओवा. दोर घासत नाही आणि झाडाची सालही वाचते. दोराच्या दोन्ही टोकांना लाल पट्टी गुंडाळा, नाहीतर कोणीतरी तो चढायला उचलेल.

प्रश्न: फळं काढायला जाळ्याच्या तुकड्याचा झेला करते आहे. दांड्याला ॲल्युमिनियमचा जुना पाइप चालेल का?
— एक वाचक भगिनी, मालवण

उत्तर: जाळं उत्तम, पाइप नको. बागेवरून विजेची तार जात असेल तर धातूचा लांब दांडा जीव घेतो. सुका बांबू घ्या. पावसाने किंवा दवाने ओला झाला असेल तर तोही वीज वाहतो, म्हणून वाळेपर्यंत थांबा. तारेला लागून असलेली फळं काढायचीच असतील तर आधी वीज कार्यालयात सांगून पुरवठा बंद करून घ्या.