मेफ्लॉवरवरचा पूर्वज: घरातली वंशावळ किती खरी धरायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जावई मॅसॅच्युसेट्सचे, त्यांच्या घरात ‘आमचा मूळपुरुष १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून आला’ असं सांगतात. (मेफ्लॉवर म्हणजे इंग्लंडातून अमेरिकेत येऊन प्लिमथ वसाहत वसवणाऱ्यांचं जहाज.) नातीला शाळेसाठी त्या माणसाची माहिती हवी आहे आणि नेटवर पाहिलं तर एकाच माणसाची तीन जन्मगावं निघतात. मग खरं कसं शोधायचं?

मी तेवीस वर्षं बोस्टनजवळ राहते, नवरा इथलाच, आणि आमच्याकडेही हीच कथा. आमच्या मूळपुरुषाचं नाव स्टीफन हॉपकिन्स. नवऱ्याच्या आजीने टाइप केलेली चार पानी वंशावळ सासूबाई पोथीसारखी जपत. त्यात लिहिलेलं, की हॉपकिन्स इंग्लंडात ग्लॉस्टरशरमधल्या वॉर्टलीचा आणि त्याच्या पहिल्या बायकोचं नाव कॉन्स्टन्स डडली. मी आपली सूनबाई. त्या कागदावर बोट ठेवायला मला दोन वर्षं लागली. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. कधीतरी कुणीतरी अंदाज बांधला, तो पुस्तकांत छापला गेला, पुस्तकांतून घराघरांत गेला आणि आता हजारो ऑनलाइन वंशवृक्षांत चिकटून बसला आहे.

खरं गाव सापडलं १९९८ साली. केलेब जॉन्सन या संशोधकाने इंग्लंडातल्याच हॅम्पशरमधल्या चर्चच्या वह्या चाळल्या. हर्स्ली गावच्या वहीत स्टीफन हॉपकिन्सच्या एलिझाबेथ, कॉन्स्टन्स आणि जाइल्स अशा तीन मुलांचे बाप्तिस्मे निघाले. मे १६१३ मध्ये बायको मेरीला पुरल्याची नोंदही त्यातच. त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा तिथून जवळच अप्पर क्लॅटफर्डला, ३० एप्रिल १५८१. आता इंग्लंडात स्टीफन हॉपकिन्स नावाची माणसं काही कमी नव्हती, मग हाच तो कशावरून? तर प्लिमथचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डने जहाजावरच्या माणसांची यादी करून ठेवली आहे. तिच्यात हॉपकिन्सबरोबर जाइल्स आणि कॉन्स्टन्स ही ‘आधीच्या बायकोची’ दोन मुलं आहेत. नुसतं बापाचं नाव जुळलं असतं तर मी मान्य केलं नसतं. इथे बाप, मुलगी, मुलगा आणि वारलेली बायको असं अख्खं घर एका वहीत जुळतं.

म्हणून तुमच्या कामाची पहिली गोष्ट: १६२० पासून खाली येऊ नका, जावयांपासून वर चढा. एकेक पिढी कागदाने बांधत जायची. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्यभर जन्म-मृत्यूच्या नोंदी १८४१ पासून आहेत. जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव पहिल्यांदा आलं १८५० साली. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीचे सगळे नुसते आकडे. त्यामागे गेलात की गावच्या वह्या, मृत्युपत्रं आणि जमिनीचे दस्त. गावच्या १८५० पर्यंतच्या नोंदी बहुतेक छापलेल्या आहेत, स्कॅनही फुकट मिळतात. मेफ्लॉवरच्या वंशजांच्या सोसायटीने प्रवाशांच्या पहिल्या पाच पिढ्या तपासून खंड काढले आहेत. त्यामुळे इकडून अठराव्या शतकापर्यंत पोचलात की पुढचा रस्ता बराचसा तयार मिळतो.

अडतं ते मधल्या टप्प्यात, आणि बहुतेक वेळा बाईपाशी. लग्नानंतर तिचं माहेरचं आडनाव कागदांतून पुसलं जातं. आमची एक पणजीची पणजी अशीच आठ महिने अडकली होती. घराणं केप कॉडचं, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या समुद्रात शिरलेल्या भूशिराचं, आणि तिथल्या बार्नस्टेबल कौंटीच्या कोर्टाची इमारत १८२७ मध्ये जळाली. जमिनीचे बहुतेक दस्त त्यात गेले, मृत्युपत्रं मात्र वाचली. शेवटी एका म्हाताऱ्याच्या मृत्युपत्रात ‘माझी मुलगी, अमक्याची बायको, हिला एक गादी आणि लोखंडी भांडं’ अशी ओळ सापडली. त्या गादीने आमच्या दोन पिढ्या जोडल्या.

तारखांचं एक सांगून ठेवते, कारण नातीचा गोंधळ इथेच होईल. १७५२ पर्यंत इंग्रजांचं कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला लागे. जाइल्सच्या बाप्तिस्म्याची तारीख ३० जानेवारी १६०७/०८ अशी लिहितात ती त्यामुळेच. त्यांच्या हिशेबी ते अजून १६०७ होतं, आपल्या हिशेबी १६०८. हे लक्षात न घेता तक्ता केला की आई वारल्यावर मूल जन्मतं. शिवजयंतीला तिथी की तारीख हे ऐकत वाढलेल्यांना हे समजायला जड जाऊ नये! मूळ हस्ताक्षराला मात्र फार घाबरू नका. ते मोडीइतकंच अगम्य दिसतं खरं, पण प्लिमथ वसाहतीचं दप्तर १८५५ ते १८६१ मध्ये बारा खंडांत छापून झालं आहे.

आता माणूस म्हणून तो कसा होता? यादीतलं नाव सापडलं की लोक थांबतात, खरी मजा तिथून पुढे आहे. मेफ्लॉवरच्या अकरा वर्षं आधी, १६०९ मध्ये, हॉपकिन्स ‘सी व्हेंचर’ जहाजातून व्हर्जिनियाला निघाला होता. वादळात जहाज बर्म्युडाला आपटलं. तिथे त्याने असा मुद्दा काढला, की जहाजच फुटलं तर गव्हर्नरचा हुकूम आमच्यावर चालतो कुठे? बंडाचा आरोप, फाशीची शिक्षा. मग बायकामुलांची नावं घेऊन रडला आणि सुटला. तिथेच बांधलेल्या दोन छोट्या जहाजांतून ही मंडळी १६१० साली व्हर्जिनियातल्या जेम्सटाउन या इंग्रज वसाहतीत पोचली. पुढे तो इंग्लंडात परतला, विधुर होता, लंडनमध्ये एलिझाबेथ फिशरशी दुसरं लग्न केलं आणि १६२० मध्ये सगळा संसार घेऊन पुन्हा निघाला. समुद्रातच मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं ओशेनस.

जेम्सटाउनचा अनुभव केप कॉडच्या जंगलात दिसतो. मेफ्लॉवर तिथे लागल्यावरच्या पहिल्या पाहणीत वाकवून बांधलेलं एक रोपटं आणि खाली पसरलेले ओकचे दाणे दिसले. हॉपकिन्सने सांगितलं, हा हरणाचा फास आहे. मागून ब्रॅडफर्ड बघायला आला आणि त्याचाच पाय त्यात अडकला! वसाहतीत चालत आलेला पहिला स्थानिक माणूस समोसेट, त्यालाही रात्री हॉपकिन्सच्याच घरी ठेवलं, पाहुणा म्हणून आणि पाळतीवरही. प्लिमथ गाव वसलं ते वाम्पानोआग या स्थानिक लोकांच्या पटक्सेट वस्तीच्या जागेवर. काही वर्षांपूर्वीच्या साथीने ती ओस पडली होती. नातीच्या प्रकल्पात हे जरूर येऊ द्या. घरातल्या वंशावळींत हे सहसा नसतं.

पुढचा हॉपकिन्स भेटतो तो कोर्टाच्या वहीत. गव्हर्नरच्या सल्लागार मंडळात असताना १६३६ मध्ये त्याने एकाला मारहाण केली. दंड झाला: पाच पौंड राजाला आणि चाळीस शिलिंग मार खाणाऱ्याला. कोर्टाने वर ऐकवलं, की शांतता राखणं तर तुझंच काम. त्याचा गुत्ता होता. रविवारी लोकांना पिऊ दिलं म्हणून दंड, एका पेनीच्याही लायकीची नसलेली बिअर दोन पेन्यांना विकली म्हणून तक्रार, नऊ पेन्यांचा आरसा सोळाला विकला म्हणून तक्रार. १६३९ मध्ये तर गरोदर मोलकरणीला घरात ठेवायला नकार दिला म्हणून कोठडीत बसला. तिच्या पोटातल्या मुलाच्या बापाला एका स्थानिक माणसाच्या खुनासाठी आधीच फाशी झालेली होती. सासूबाईंना हे वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘हे टाइप करू नकोस.’ मी केलं.

आणि मग ६ जून १६४४ चं मृत्युपत्र. माझ्या मते सगळ्या कागदांत हा सगळ्यात सुंदर. मोठा वळू जाइल्सला. तो वळू मिसेस वॉरनकडे होता, त्याच्या भाड्याचे वीस शिलिंग नातवाला. कॉन्स्टन्सला घोडी. धाकट्या चार मुलींना गाई, नावासकट. रेड कोल आणि तिचं वासरू रूथला, स्मायकिन्स आणि तिचं वासरू एलिझाबेथला. मॉटली, म्हणजे आपल्याकडची बांडी गाय, ती डेबोरा आणि डॅमरिस यांच्यात अर्धी अर्धी. शिवाय एलिझाबेथला एक वर्षाची बिनशेपटीची कालवड. नातीला हे वाचून दाखवा, चित्र तीच काढेल.

जावयांच्या घरात मूळपुरुष म्हणून कोणाचं नाव घेतात ते कळवा, आणि आजी-आजोबांचं गावही. म्हणजे कुठल्या वहीपासून सुरुवात करायची ते सांगते.