साठीनंतर परत सून झालेल्या काकू

"मॅडम, आईबाबा रिटायर होऊन गावी गेले आणि आई एकदम गप्पच झाली, आम्ही चुकलो का हो?" हा प्रश्न मला दादरला कौन्सेलिंगला बसल्यावर सारखा ऐकायला मिळतो, कधी मुलगी विचारते कधी सून, आणि कधी बायको स्वतःच विचारते पण जायच्या आधी, की नवरा गावी जायचं म्हणतोय आणि माझ्या पोटात गोळा येतोय, मी स्वार्थी आहे का. त्या सगळ्यांसाठी ही एक केस सांगतेय. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदललेत, आणि काकूंना विचारूनच लिहितेय.

कुटुंब भांडुपचं. काका एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे, काकू फोर्टातल्या एका ऑफिसात 34 वर्षं क्लार्क. काकांचं मूळ घर सावंतवाडीला, तिकडे सगळे नुसतं वाडी म्हणतात. दोघं रिटायर झाले, मुलीचं लग्न झालेलं, मग भांडुपचा फ्लॅट भाड्याने दिला, वाडीचं घर नीट करून घेतलं आणि गेले. पहिले चार महिने मस्त. मोती तलावाच्या कठड्यावर बसलेले फोटो, ताजे बांगडे, फणस, रातांबे, रोज ग्रुपवर काहीतरी. मग पाऊस सुरू झाला आणि काकूंचे फोटो बंद झाले. मुलगी फोन करायची तर "बरंय गं, ठेवते" एवढंच. दिवाळीत मुलगी गेली तेव्हा आईच्या साड्यांचे ब्लाऊज सैल झालेले दिसले. मग ती माझ्याकडे आली.

काकू डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला येणारच होत्या, तेव्हा भेटल्या. मी आधी ज्येष्ठांच्या डिप्रेशनसाठी वापरतात ती 15 प्रश्नांची हो-नाही वाली प्रश्नावली घेतली. 5 च्या वर गेलं की नीट तपासून बघायचं असतं, त्यांचा स्कोअर 7 आला. झोप पहाटे 3 ला उडायची, भूक नाही, टीव्ही लावून नुसतं बघत बसायचं. मी लगेच थायरॉइड, बी12 आणि साध्या रक्ताच्या तपासण्या करून यायला सांगितलं. हे मी सगळ्यांनाच सांगते कारण थायरॉइड कमी असला किंवा बी12 कमी असलं तरी माणूस असाच थकतो, उदास होतो, आणि आपण त्याला "मन रमत नाहीये" म्हणत बसतो. त्यांचं बी12 खरंच कमी निघालं, डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, अंगात जरा त्राण आलं. पण गप्पपणा गेला नाही.

मला आधी वाटलं नोकरी गेली, ट्रेनचा ग्रुप गेला, त्याचं दुःख आहे. ते होतंच. 8:14 च्या लेडीज डब्यात त्यांनी आयुष्य काढलेलं, मेथी निवडली, दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं बांधली, दोघींची डोहाळजेवणं केली. लोकलचं एक असतं की तिथे मैत्री करायला जावं लागत नाही, तीच ट्रेन तोच डबा, आपोआप होते, म्हणून साठीच्या बाईला नवीन मैत्रीण कशी करायची हेच माहीत नसतं. म्हणून मी सुचवलं की तिथल्या महिला मंडळात जा. काकू शांतपणे म्हणाल्या, "गेले होते. तिथेही मी त्यांची सूनच."

त्या वाक्यावर मी थांबले. मग पुढच्या वेळी काकांनाही बोलावलं, ते तुतारी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून आले, वैतागलेले. "मी हिला काय कमी केलंय सांगा. हवा बघा तिथली, आणि माणसं! रस्त्यात दहा जण विचारतात." खोटं नव्हतं ते. मी दोघांना एकेक कागद दिला आणि म्हटलं, गेल्या आठवड्यातला एक साधा दिवस तासातासाने लिहा, आणि शेजारी लिहा की त्या तासात तुम्हाला कोणी काय म्हणून हाक मारली.

काकांचा कागद पटकन भरला. साडेपाचला तलावाला फेरी, शाळेतल्या मित्रांबरोबर चहा, नऊला घरी घावणे, पेपर, बाजार, दुपारी झोप, संध्याकाळी देवळात भजन. हाका काय, तर शाळेतलं टोपणनाव, "बाळा", आणि एका म्हाताऱ्या काकींचं "कधी इलंस?" 64 वर्षांचा माणूस तिथे परत दहा वर्षांचा मुलगा झाला होता आणि त्याला ते फार आवडत होतं. का नाही आवडणार?

काकूंना वेळ लागला. पहाटे उठून देवपूजा कारण सासूबाई करायच्या, नऊला घावणे कारण ते तेव्हा येतात, अकराला कोणीतरी न सांगता टपकतं, त्यांचा चहा, जेवायची वेळ झाली की जेवण, दुपारी आत्तेसासूबाईंकडे बसायला जायचं कारण नाही गेलं तर दिसतं. हाका होत्या वहिनी, काकी, सूनबाय. आणि खाली त्यांनी स्वतःहून लिहिलं होतं, "आठ महिन्यांत माझं नाव फक्त बँकेतल्या मुलीने घेतलं, पासबुक भरताना."

काका तो कागद बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मी पण तुला 'अगं'च म्हणतो ना."

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की दोघं एकाच गावी गेलेच नव्हते. नवरा त्याच्या बालपणात परत गेला आणि बायको तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात. मधली 34 वर्षं, ज्यात ती ऑफिसात मॅडम होती, तिच्या सहीशिवाय फाइल पुढे जायची नाही, ती वर्षं त्या गावाला माहीतच नाहीत. त्यात वाईट कोणीच नाही. आत्तेसासूबाईसुद्धा मायेनेच बोलवत होत्या. पण मायेने बोलावलं तरी पायरी सुनेचीच ना. आणि नवऱ्याच्या गावी निवृत्त होणाऱ्या कितीतरी बायका मला हेच सांगतात, फक्त त्यांना ते "मला गाव आवडत नाही" असं म्हणता येतं, बाकी शब्द सापडत नाहीत, आणि मग घरचे समजतात की हिला मुंबईचा मॉल हवाय.

उपाय मोठे नव्हते. एक गोष्ट मी ठामपणे सांगितली की पाहुण्यांना "फोन करून या" हे काकांनी सांगायचं. सुनेने सांगितलं की उर्मट, मुलाने सांगितलं की नुसतं "मुंबईकर झालाय". हे काकांना सगळ्यात जड गेलं, दोन महिने त्यांनी टाळलं, काकू चिडल्या, मला फोनवर दोघांशी वेगवेगळं बोलावं लागलं. शेवटी एका सकाळी स्वतःच्या चुलतभावाला दारातच सांगितलं, भाऊ आठवडाभर रुसला आणि मग फोन करून आला. मंगळवारी आठवडा बाजाराच्या दिवशी नाश्ता बाहेरून आणायचा हेही काकांनीच ठरवलं, ते मी सुचवलेलं नाही.

काकूंनी ठरवलेलं वेगळंच. एसटीत मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तर त्या एकट्या वेंगुर्ल्याला गेल्या, समुद्रावर बसल्या, भेळ खाल्ली, संध्याकाळच्या गाडीने परत. काही कारण नव्हतं, काम नव्हतं, कोणाकडे गेल्या नव्हत्या. त्या रात्री त्यांनी मुलीला स्वतःहून फोन केला, पाऊण तास. मग गावातल्या वाचनालयात नाव घातलं. तिथल्या माणसाने ओळखून फॉर्मवर घराण्याच्या नावाने लिहायला घेतलं, "अमक्यांच्या सूनबाई ना तुम्ही?" तर म्हणाल्या, "हो, पण कार्डावर माझं नाव लिहा." हे सांगताना व्हिडिओ कॉलवर त्यांचा आवाज चढला होता आणि मला खूप बरं वाटलं, प्रश्नावली परत घेतली तर 3 आला होता.

आता ज्यांचं जायचं ठरतंय त्यांना कळकळीने सांगते, मुंबईचं घर लगेच विकू नका. गाव आपण मे महिन्यात आणि गणपतीत बघितलेलं असतं. जुलै बघा. सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, लाईट जाते, सातला रस्ता सामसूम. एक पूर्ण वर्ष राहा आणि मग ठरवा. दवाखाना किती लांब आहे, रात्री गाडी कोण काढेल हेही आधीच बघा, तिकडचे बरेच पेशंट मोठ्या दुखण्याला गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातात. आणि दोघांनी वेगवेगळं बसून लिहा की तिथे मला ओळखणारं, माझं स्वतःचं, कोण आहे. एकाचा कागद कोरा राहिला तर जाऊ नका असं मी म्हणत नाही, पण तो भरायचं काम दोघांचं आहे हे जायच्या आधी बोला. आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, कशातच रस नाही असं असेल तर वाट बघू नका. जवळ कोणी नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

काकू आता दर दोन-तीन महिन्यांनी दहा दिवस मुलीकडे येतात, ट्रेनवाल्या मैत्रिणींना दादरला भेटतात. 2020 च्या मार्चपासून रेल्वेत ज्येष्ठांची सवलत बंद आहे त्यामुळे खर्च होतो, काका कुरकुरले, काकू म्हणाल्या माझ्या पेन्शनमधून जाते. भांडुपच्या फ्लॅटचा अकरा महिन्यांचा करार संपत आला तेव्हा काकांनी विचारलं, विकायचा का? काकू म्हणाल्या, "अजून एक पावसाळा जाऊ दे." भाडेकरूला अकरा महिने वाढवून दिलेत.