रात्रीची खाज, जंत आणि हात धुण्याचा कंटाळा

प्रश्न : माझा मुलगा 5 वर्षांचा आहे, सीनियर केजीत. पंधरा दिवस झाले, रात्री झोपेतून रडत उठतो आणि शीच्या जागी खाजवत बसतो, काल चड्डीत बारीक पांढरा दोऱ्यासारखा जंत दिसला. सासूबाई म्हणतात गोड बंद कर, गोडानेच जंत होतात. हात धू म्हटलं की नळाखाली बोटं ओली करून पळतो. फेब्रुवारीत अंगणवाडीत गोळी दिली होती, तरी परत कसे झाले? – एक आई, संगमनेर

उत्तर : ताई, गोडाने जंत होत नाहीत हो, सासूबाईंना हे जरा प्रेमाने सांगा. या जंताची मादी रात्री बाहेर येऊन शीच्या जागेभोवती अंडी घालते, म्हणून खाज रात्रीच सुटते, मूल खाजवतं, अंडी नखांत अडकतात आणि सकाळी तीच बोटं तोंडात जातात, झालं, पुन्हा पहिल्यापासून सुरू. 10 फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाची गोळी, म्हणजे अल्बेंडाझोल, चांगलीच आहे, पण ती पोटातले जंत मारते, अंडी मरत नाहीत, आणि ही अंडी चादरीवर, खेळण्यांवर दोन-तीन आठवडे टिकतात. म्हणून डॉक्टर दोन आठवड्यांनी दुसरा डोस देतात आणि घरातल्या सगळ्यांनाच घ्यायला सांगतात. घरात कुणी गरोदर असेल तर आधी डॉक्टरांना तसं सांगा.

गोळीच्या दिवशी चादर, चड्ड्या गरम पाण्यात धुवा, पांघरूण झटकू नका कारण त्याने अंडी घरभर उडतात. आंघोळ संध्याकाळी न घालता सकाळी उठल्या उठल्या घाला, रात्रीची अंडी धुऊन जातात. रात्री घट्ट चड्डी घाला, नखं दर रविवारी कापा.

आता हात धुण्याचं. ओरडून नाही होणार ते, मी खूप आया बघितल्यात ओरडून दमलेल्या. मुलाला हातावरची अंडी दिसत नाहीत, मग त्याने साबण का लावावा? एक दिवस त्याच्या तळहाताला तेलात कालवलेली थोडी हळद लावा आणि पाच मिनिटं खेळू द्या, मग दोघं मिळून कुठे कुठे पिवळं लागलंय ते शोधा, दाराची कडी, डबा, त्याचा स्वतःचा गाल! नुसत्या पाण्याने ते जात नाही हे त्याला स्वतःलाच कळेल, मग साबण द्या. मोरीशी छोटं स्टूल ठेवा, साबण त्याच्या हाताला येईल असा ठेवा, आणि साबण लावून वीसपर्यंत आकडे म्हणत बोटांच्या बेचक्यात, नखांत चोळायला शिकवा, आकडे तो शाळेत म्हणतोच की. शीहून आल्यावर आणि जेवायच्या आधी, या दोन वेळा पक्क्या धरा, बाकीचं हळूहळू येईल. महिनाभर तुम्ही शेजारी उभं राहून स्वतःचेही हात धुवा. आणि हो, 'शी, घाणेरडा' असं त्याला कुणीही म्हणू नका, लाजेपायी मुलं खाज लपवतात आणि मग आपल्याला कळतच नाही.