नव्या दस्त्यावरचा चरा : दिसण्याचा दोष की धातूचा?

प्रश्न : माझी मुलगी १० मीटर एअर रायफल प्रकारात सराव करते. तिच्या रायफलीसाठी आम्ही नुकताच अ‍ॅनोडायझिंग केलेला, लाल रंगाचा अ‍ॅल्युमिनियमचा दस्ता मागवला. खोके उघडल्यावर त्याच्या डाव्या अंगावर बोटभर लांबीचा बारीक चरा दिसला. आतल्या बाजूस, खाचेच्या टोकाला, दोन लहान चंदेरी ठिपके आहेत आणि चीक पीसचा (नेम धरताना गाल टेकवायच्या भागाचा) लाल रंग दस्त्याच्या रंगापेक्षा किंचित फिका आहे. विक्रेत्याच्या मते हे सारे वरवरचे आहे, तर प्रशिक्षक म्हणतात की महिन्याभरात असे दहा चरे पडतीलच. रक्कम मोठी असल्यामुळे दस्ता ठेवावा की परत करावा, हे आम्हाला ठरवता येत नाही.
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : निर्णय होईपर्यंत दस्ता रायफलीला बसवू नका. एकदा स्क्रू आवळले की त्यांच्या खुणा उमटतात, आणि मग कोणती खूण कारखान्यातली व कोणती घरातली, या वादाला अंत राहत नाही. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, प्रत्येक दोषाचे जवळून व हातभर अंतरावरून छायाचित्र घ्या आणि ते विक्रेत्याला लेखी तक्रारीसोबत पाठवा. ट्यूबलाइटखाली लाल रंगाच्या छटा फसव्या दिसतात.

तुमच्या तीन तक्रारींचे वजन सारखे नाही, हे समजण्यासाठी अ‍ॅनोडायझिंग म्हणजे काय ते थोडे पाहावे लागेल. हा वरून दिलेला रंग नव्हे. अ‍ॅल्युमिनियमचा भाग गंधकाम्लाच्या द्रावणात बुडवून त्यातून वीजप्रवाह सोडला की धातूच्या पृष्ठभागाचेच ऑक्साइड बनते. रंगीत भागांवर हा थर साधारणपणे २५ मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागापर्यंत असतो. त्याच्या अतिसूक्ष्म छिद्रांत रंग मुरवतात आणि बहुधा उकळत्या पाण्यात ती छिद्रे बंद करतात. भिंतीला दिलेला रंग बारीक खळगे बुजवतो, तसे येथे काहीच बुजत नाही. अगोदरचा ओरखडा थराखाली जसाच्या तसा राहतो, उलट अधिक ठळक दिसतो.

म्हणूनच चऱ्याचा तळ भिंगाखाली पाहा. तळही लालच असेल, तर चरा अ‍ॅनोडायझिंगपूर्वीचा, कातकामाच्या किंवा पॉलिशच्या वेळचा आहे. त्यावर संरक्षक थर अखंड आहे आणि तो केवळ दिसण्याचा दोष ठरतो. तळ चंदेरी असेल, तर थर फाटून उघडा धातू दिसतो आहे, म्हणजे इजा नंतर, जोडणीत, बांधणीत किंवा वाहतुकीत झाली आहे. असा दस्ता उद्या निकामी होईल असे नाही, पण घाम आणि आपल्याकडचा पावसाळी दमटपणा यांनी उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर पांढरट पूड धरू शकते. तळ चंदेरी असल्यास बदली मागावी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रशिक्षकांचे म्हणणे खरे आहे, सरावात चरे पडणारच. परंतु ते तुमच्या मुलीच्या हातून पडावेत. पूर्ण किंमत मोजलेल्या मालात ते अगोदरच असणे विक्रेत्याने गृहीत धरू नये.

आतल्या चंदेरी ठिपक्यांची चिंता बहुधा सोडून द्यावी. टाकीत भाग कशाला तरी अडकवल्याशिवाय त्यात वीज जात नाही आणि पकडीने धरलेल्या त्या जागी थर तयार होत नाही. चांगले कारखाने ही जागा मुद्दाम आत, नजरेआड ठेवतात. ठिपके गुळगुळीत असतील तर विषय संपला. मात्र रायफलीची यंत्रणा दस्त्यावर जिथे टेकते त्या पृष्ठभागावर एखादी उंच कड किंवा बर (कातकामात उरलेला धातूचा बारीक, टोकदार कंगोरा) राहिली असेल, तर स्क्रू आवळताना यंत्रणेवर तिरका ताण येऊ शकतो, आणि ज्या खेळात लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो तेथे ही बाब किरकोळ नव्हे. कापसाचा बोळा त्या पृष्ठभागावरून हळू फिरवा. तंतू जिथे अडकतील तिथे बर आहे. असा दोष बाहेरून न दिसणारा असला, तरी तुम्ही सांगितलेल्या तिन्हींपेक्षा मी त्याला अधिक महत्त्व देईन.

छटेतील फरक तर या प्रक्रियेत ठरलेलाच आहे. मिश्रधातू वेगळा असला, भाग वेगळ्या खेपेत काढला गेला किंवा रंगाच्या टाकीत थोडा कमी वेळ राहिला, तर लाल रंग बदलतो. किंचित फरक मान्य करावा. तरी एक चाचणी करा : पांढऱ्या सुती कापडावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन चीक पीसच्या खालच्या बाजूस घासा. कापड लाल झाले, तर छिद्रे नीट बंद झालेली नाहीत. घामेजलेला गाल रोज टेकणाऱ्या भागाबाबत हे चालणार नाही. साफसफाईसाठी धुण्याचा सोडा, चिंच किंवा भांड्यांची पावडर मुळीच वापरू नका, कारण तीव्र अल्कली आणि आम्ल दोन्ही हा थर खातात.

विक्रेत्याने ‘पुन्हा अ‍ॅनोडायझिंग करून देतो’ असे सांगितल्यास नम्रपणे नकार द्यावा. जुना थर काढताना त्यात रूपांतरित झालेला धातूही जातो आणि आटे व खाचा सैल होण्याचा धोका राहतो. त्याऐवजी वाजवी सूट मिळत असेल आणि मुलीला चरा खुपत नसेल, तर तो व्यवहार वाईट नाही. स्पर्धेच्या साहित्य तपासणीत मापे आणि वजन पाहतात, रंगाचे गुण नसतात. काहीच मान्य न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येते.

प्रश्न : माझ्या एअर रायफलीच्या नव्या सिलिंडरवर, गळ्याजवळ, नख अडकेल इतका खोल ओरखडा आणि शेजारी छोटा पोचा आहे. रंग लावून तो वापरता येईल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. यात साधारणपणे २०० बार दाबाची हवा भरली जाते, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २०० पट. अशा भांड्यावरचा खोल ओरखडा किंवा पोचा दिसण्याचा दोष म्हणून मोजतच नाहीत, कारण ताण नेमका तेथे एकवटतो आणि दर भरण्यागणिक भेग वाढू शकते. रंग लावल्याने फक्त पुढच्या तपासणाऱ्याला ती दिसणार नाही. सिलिंडर अजून भरला नसेल तर भरू नका. भरला असेल तर उत्पादकाने दिलेल्या साधनाने हवा हळूहळू सोडून तो परत पाठवा. बदली आल्यावर त्यावर कोरलेली तारीख वाचा : या सिलिंडरांची मुदत उत्पादक सहसा १० वर्षांची ठेवतात, ती उत्पादनापासून मोजली जाते, आणि दुकानात दोन वर्षे पडून राहिलेला सिलिंडर चकाकत असला तरी त्याची दोन वर्षे सरलेली असतात.